भाऊजी, ईसीएम गेलाय म्हणतात

२०२२ च्या एप्रिलातली गोष्ट. मेव्हण्याची पिकअप पासष्ट पेट्या हापूस घेऊन वाशी मार्केटला निघालेली, आणि रात्री साडेअकराला कशेडी घाट चढताना गाडीने मान टाकली. म्हणजे बंद नाही पडली, चालू होती, पण दोन हजार आरपीएमच्या वर जायचं नावच घेईना, कितीही ॲक्सिलेटर दाबा. मागे ट्रकांची रांग, हॉर्न, शिव्या. शेवटी पोलादपूरहून दुसरा टेम्पो मागवून पेट्या त्यात चढवल्या, भाडं दुप्पट गेलं, आणि माल मार्केटला पोचला तेव्हा सकाळचा भाव निघून गेलेला.

दुसऱ्या दिवशी गाडी हायवेवरच्या एका मोठ्या वर्कशॉपात नेली. त्यांनी स्कॅनर लावला, पाच मिनिटं बघितलं आणि सांगितलं, ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरचा डबा, बदलायला लागेल, अडतीस हजार, कोडिंगचे वेगळे, आठ दिवस थांबा. मेव्हण्याचा फोन आला, "भाऊजी, ईसीएम गेलाय म्हणतात." मी विचारलं, कोड काय आला, म्हणजे स्कॅनरवर बिघाडाचा नंबर कोणता दिसला? तो म्हणाला, मी पण विचारलं तर म्हणाले तुम्हाला कोड कळून काय करायचंय.

हे मला लागलं. माझा शृंगारतळीला मोटर रिवाइंडिंगचा गाळा आहे, विहिरीतले पंप, सबमर्सिबल, मिक्सर असली कामं. गाडीतलं मला काही कळत नव्हतं, पण माझ्याकडे गिऱ्हाईक पंप घेऊन येतं तेव्हा मी त्याला जळलेली कॉइल दाखवतो, हात लावून बघायला देतो, मग पैसे सांगतो. इथे अडतीस हजार आणि कारण विचारायचं पण नाही! म्हटलं गाडी टो करून घरी आण, आठ दिवस तुझे असेही जाणारच आहेत.

घरी आणली खरी, आता काय? स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, ओबीडीचं, गाडीला तिचा बिघाड विचारायचं, एवढं ऐकून माहीत होतं. चिपळूणमधून त्या सॉकेटात बसणारं एक जांभळ्या रंगाचं ब्लूटूथवालं ईएलएम ३२७ आणलं, साडेतीनशे रुपयांचं, आणि त्याने दोन तास माझा जीव खाल्ला. मोबाईलला जोडलं जातंय पण गाडीशी बोलेना. मागाहून कळलं की ही मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या छोट्या कंपनीची, तिचं पहिलंच व्हर्जन लोकांनी उतरवून घेतलं कारण आतला प्रोग्रॅम कुलूपबंद केलेलाच नव्हता, आणि तेव्हापासून बाजारात नकलाच नकला. गंमत म्हणजे १.५ नावाचं व्हर्जन मूळ कंपनीने कधी काढलंच नव्हतं, तरी १.५ लिहिलेली नक्कल बरी चालते आणि २.१ लिहिलेल्या बऱ्याच नकलांमध्ये अर्ध्या कमांडच नसतात. माझं २.१ होतं. मित्राचं जुनं १.५ वालं मागून आणलं आणि पहिल्या फटक्यात कोड आला, पी०१९३. रेल प्रेशर सेन्सर, सर्किट हाय. रेल म्हणजे इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी नळी.

बस, एवढंच. ईसीएम खराब असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. सेन्सर खराब असं पण नव्हतं. सेन्सरच्या सिग्नल वायरवर असायला पाहिजेत त्यापेक्षा जास्त व्होल्ट येतायत, एवढंच ईसीएम बिचारा सांगत होता. जास्त व्होल्ट म्हटल्यावर मला धीर आला, कारण मग हे माझ्या धंद्यातलं झालं.

त्या सेन्सरला तीन वायरी. एकीतून ईसीएम पाच व्होल्ट देतो, एक अर्थ, म्हणजे अर्थिंगची, आणि तिसरीतून प्रेशरप्रमाणे अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत सिग्नल परत येतो. गाडी बंद, चावी ऑन, रेलमध्ये प्रेशर नाही, तर सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास पाहिजे. कपलरच्या मागून पिन सरकवून मीटर लावला तर ४.९. आता कपलर काढला. पाच व्होल्टची वायर आणि बॅटरी मायनस यांच्यात मीटर धरला, बरोबर पाच. पाच व्होल्टची वायर आणि सेन्सरची अर्थ वायर यांच्यात धरला, काही नाही, नुसते चुकार आकडे नाचतायत. म्हणजे पाच व्होल्ट येतायत पण परत जायला वाटच नाही! अर्थ तुटली की सिग्नल वर चढून बसतो, ईसीएमला वाटतं रेलमध्ये भयंकर प्रेशर झालंय, आणि तो इंजिन वाचवायला पॉवर कापतो. गाडी कशेडीत मेली नव्हती, घाबरली होती.

मग चावी काढली, बॅटरी सोडली, ईसीएमचा कपलर उपसला आणि त्या एका वायरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत कंटिन्युइटी लावत गेलो, वायर कुठे तुटलीय ते बघायला. टेप सोलत सोलत ईसीएमपासून हातभर अंतरावर आलो तर एका जागी वायर बोटांत मऊ लागली. वरून अख्खी, आतलं तांबं हिरवी पूड झालेलं. आणि तिथे इन्सुलेशनला सुईएवढं एक भोक. टेस्ट लॅम्पची सुई कोणीतरी तिथे खुपसली होती, भोक तसंच सोडलं होतं, आणि मग आपल्याकडची खारी हवा, पावसाळा, हर्णैहून मासळी आणताना उडणारं बर्फाचं पाणी. तांब्याने दोन वर्षं तग धरला.

कोणीतरी म्हणालो, पण खरं सांगायचं तर ते भोक बहुतेक मीच पाडलेलं. दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याने जीपीएस ट्रॅकर आणला होता, तेव्हा इग्निशनची लाईन शोधायला मीच त्या जुडग्यात सुई खुपसत बसलो होतो. हे मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही. तो हे वाचणार नाही बहुतेक.

नवा तुकडा जोडला, सोल्डर, वर हीटश्रिंक, कोड क्लिअर, गाडी चालू. खर्च चाळीस रुपये. मेव्हणा गावभर सांगत सुटला की भाऊजींनी कॉम्प्युटर दुरुस्त केला, आणि मी कितीही म्हटलं वायर होती रे बाबा, तरी कोणाला वायरीत रस नव्हता.

मला मात्र आता त्या डब्याचंच वेड लागलं. आत काय आहे, तो बोलतो कसा, त्याच्यात लिहायचं कसं. गाडीवर प्रयोग करणं परवडणारं नव्हतं. तेव्हा आठवलं, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या त्याला गणती नाही, आणि त्यातल्या पुष्कळशा भंगारात गेल्या. खेर्डीकडच्या एका भंगारवाल्याकडे गेलो तर ईसीएमचे डबे बटाट्यासारखे गोणीत भरलेले. चार डबे बाराशेला, आणि वर वायरिंगचं तुटकं जुडगं फुकट दिलं, तेच पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

पहिला डबा उघडला तर आत चिखलाचा पापुद्रा बसलेला. डबा हवाबंद असेल असं मला वाटायचं, पण आत दाब साठू नये म्हणून त्याला श्वास घ्यायला एक पडदा असतो आणि कपलरच्या पिनांमधून पण पाणी शिरतंच. ट्रॅक खाल्लेले होते, तो गेला. बाकीच्या तिघांना पॉवर देऊन बघायची होती पण थेट सप्लाय द्यायची हिंमत नव्हती, म्हणून आमच्या धंद्यातली युक्ती केली, सिरीज लॅम्प. इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब लाईनमध्ये सिरीजला. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटणार आणि डबा जळायचा वाचणार. एकाला बल्ब लख्ख पेटला, तो बाजूला. उरलेल्या दोघांना बल्बने नुसता लाल डोळा मिचकावला आणि शांत झाला. जिवंत!

जिवंत आहे पण बोलत नाही, यात पुढचे तीन आठवडे गेले. बोलायच्या दोन वायरी असतात, कॅन हाय आणि कॅन लो, ओबीडी सॉकेटला सहा आणि चौदा नंबरवर. ही कॅनची पद्धत बॉशने १९८६ साली जाहीर केली, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात म्हणून चांगल्या गाडीत, बॅटरी सोडून, सहा आणि चौदामध्ये मीटर ६० दाखवतो. ६० च्या जागी १२० आले तर एक टोक कुठेतरी सुटलंय, शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. हा एक आकडा पाठ झाला तरी अर्ध्या तक्रारींचा माग लागतो, आणि याला स्कॅनर पण लागत नाही. माझ्या टेबलावर एकटाच डबा, त्यामुळे १२० येत होते, दुसरा रेझिस्टर मी लावला.

मग ऑनलाईन एमसीपी २५१५ चं निळं मॉड्यूल मागवलं, आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, जोडून कॅनवर बोलायचं. आमच्या पिनकोडला डिलिव्हरी नाही, चिपळूणच्या मावशीच्या पत्त्यावर आलं, मावशीने एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. जोडलं, आणि काहीच नाही. वायरी उलटसुलट केल्या, प्रोग्रॅम तीनदा लिहिला, तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री भिंगातून बघतो तर मॉड्यूलला ताल देणाऱ्या क्रिस्टलवर आठ लिहिलेलं, आणि प्रोग्रॅममध्ये सोळा मेगाहर्ट्झ धरलेले. म्हणजे मी ठरलेल्या वेगाच्या निम्म्या वेगाने बोलत होतो. आठ केलं, आणि स्क्रीनवर ओळ आली.

विचारायचं असं असतं: सगळ्यांना हाक मारायची तर ७डीएफ या पत्त्यावर, इंजिनचा डबा उत्तर देतो ७ई८ वरून. टेबलावरच्या डब्याला आरपीएम विचारला तर शून्य, साहजिक आहे. पण तोच प्रश्न पिकअपला विचारला तर उत्तर आलं ४१ ०सी ०बी बी८. हे आकडे सोळाच्या पटीत मोजलेले असतात, म्हणून शेवटचे दोन बाईट कागदावर सोडवले, ०बी म्हणजे ११, बी८ म्हणजे १८४, मग ११ गुणिले २५६ अधिक १८४, झाले ३०००, भागिले चार, ७५०. बाहेर इंजिन गुरगुरतंय आणि कागदावर ७५०! मला दहावीच्या निकालाला एवढा आनंद नव्हता झाला.

टेबलावरच्या डब्याला कूलंटचं तापमान विचारलं तर उणे चाळीस. आई चहा घेऊन आली होती, तिला सांगितलं बघ हा म्हणतोय उणे चाळीस डिग्री आहे. मे महिना, तिच्या पदराने घाम पुसणं चाललेलं. "त्याला म्हणावं बाहेर उन्हात बस जरा," म्हणाली. आलेल्या आकड्यातून चाळीस वजा करायचे असं ठरलेलं आहे, म्हणून सेन्सर जोडलेलाच नसेल तर उत्तर उणे चाळीस येतं. तिथे २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि तापमान विसाच्या आसपास आलं. डब्याला कसं फसवायचं ते कळलं, आणि डबा स्वतः कसा फसतो ते पण कळलं. गाडीत कधी उणे चाळीस दिसलं तर मी आता सेन्सर विकत आणत नाही, आधी कपलर बघतो.

आता लिहिण्याचं. वाचणं कोणालाही देतो डबा, पण लिहायचं म्हटलं की कुलूप. तो एक आकडा पाठवतो, तुम्ही त्याचा हिशेब करून जबाबी आकडा द्यायचा, चुकलं तर ७एफ २७ ३५, म्हणजे किल्ली चुकली. दोनतीनदा चुकलं की ३६, आणि मग काही वेळ दारच बंद, कितीही वाजवा. हिशेब कंपनीचा गुपित, त्यामुळे एका जुन्या जातीच्या डब्यासाठी मी दुसरी वाट धरली, झाकण उघडून थेट चिपवरून वाचायचं. इथे एक नियम शिकलो तो असा की एकदा वाचलेल्या फाईलवर कधी विश्वास ठेवायचा नाही, दोनदा वाचायची आणि दोन्ही फाईली ताडून बघायच्या. माझी पहिली फाईल सगळी एफएफ होती, म्हणजे रिकामी, क्लिप नीट बसली नव्हती, आणि मी तीच ओरिजिनल म्हणून जपून ठेवली होती!

आणि मग जुलै. बाहेर धो धो, मी टेबलावरच्या डब्यात फाईल लिहायला घेतली. लिहायच्या आधी जुना ब्लॉक पुसला जातो, ही गोष्ट मला माहीत होती पण तिचा अर्थ कळलेला नव्हता. बेचाळीस टक्क्याला लाईट गेली. लॅपटॉप चालू, त्याला स्वतःची बॅटरी, पण डब्याचा सप्लाय घरच्या प्लगवर. आमच्याकडे जुलैमध्ये लाईट जाणं ही काय बातमी आहे का? आणि तरी मी गाढवासारखा प्लगवर लिहायला बसलो होतो. लाईट आली तेव्हा डबा मेलेला, हाकेला ओ नाही. अर्धा पुसलेला, अर्धा लिहिलेला.

तो परत उठवायला पंधरा दिवस लागले. प्रोसेसरला त्याच्या आतल्या आत एक जन्मजात छोटा प्रोग्रॅम असतो, तो पुसला जात नाही. एक ठराविक पिन रेझिस्टर लावून अर्थला धरून पॉवर दिली की तो जागा होतो आणि नवीन फाईल घ्यायला तयार होतो, याला बूट मोड म्हणतात. सांगायला सोपं आहे, मुंगीच्या पायाएवढी पिन, हातात सुई, दुसऱ्या हाताने स्विच, आणि बायको टॉर्च धरून उभी. तिच्या हाताला रग लागली तेव्हा कुठे बूट मोड लागला. तेव्हापासून लिहायचं काम फक्त ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, सोबत चार्जर, लॅपटॉपचं स्लीप बंद, आणि गाडीवर असेन तर पंखा, हेडलाईट, टेप सगळं बंद.

खऱ्या गाडीत पहिल्यांदा लिहिलं ते २०२३ च्या दिवाळीनंतर. त्याच पिकअपचा एक इंजेक्टर बदलला होता, आणि डिझेल पंपवाल्याने सांगितलं कोडिंग करून घ्या. कॉमन रेलच्या प्रत्येक इंजेक्टरची डिझेल सोडायची सवय केसभर वेगळी असते, ती कारखान्यात मोजून डोक्यावर अक्षरं आणि आकड्यांत कोरतात, आणि तो कोड ईसीएमला सांगायचा असतो, नाहीतर गाडी आयडलला ठकठक करते. लॅपटॉप गाडीला जोडायचा सेकंडहँड इंटरफेस घेतला होता, कुलपाचा हिशेब त्याच्या सॉफ्टवेअरमध्येच होता, आणि बाजूला माझं निळं मॉड्यूल लावून ऐकत बसलो काय बोलतायत. दहा तीन, म्हणजे खास कामाला तयार हो, सत्तावीस एक, कुलपाचा आकडा दे, सत्तावीस दोन, हा घे जबाब, मग २ई, लिही. उत्तर ७एफ २ई ३१, म्हणजे हे काय भलतंच देतोयस. परत तेच. पोटात गोळा. मग इंजेक्टरचं डोकं रॉकेलने टूथब्रश घेऊन घासलं, तर मी ज्याला आठ समजत होतो तो बी होता. बी टाकला, लिहिलं गेलं, ठकठक गेली.

आता लोक येतात. अर्ध्या पोरांना पॉवर वाढवून पाहिजे असते, कोणाला धुराचा फिल्टर बंद करून पाहिजे, एकाला किलोमीटर कमी करून पाहिजे होते. ही कामं मी घेत नाही. गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एक आहेच, पण त्याहून सांगायचं तर ज्याला किलोमीटर कमी दाखवून गाडी विकायची तो माझे पैसे सरळ देईल कशावरून? चावीचं काम आरसी बुक आणि मालक समोर असल्याशिवाय नाही.

मागच्या महिन्यात दाभोळच्या फेरीतून पलीकडून एक मासळीचा टेम्पो आला. दोन ठिकाणी दाखवून झालेलं, एकाने ईसीएम बदलला होता, तरी सेल मारला की कधी चालू कधी नाही आणि कोडांची जत्रा. मी लॅपटॉप गाडीतच ठेवला, मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि एक इंजिनच्या ब्लॉकला लावली आणि मालकाला सेल मारायला सांगितला. पाव व्होल्टच्या आत पाहिजेत तिथे २.३ आले. सेल फिरताना ईसीएमला उपाशी ठेवत होती ती अर्थ पट्टी. बोल्ट काढला, खाली गंजाची पापडी, घासला, नवीन लग, वर ग्रीस. दहा वेळा सेल मारला, दहाही वेळा चालू. तीनशे रुपये सांगितले.

मालक बोल्टकडे बघत उभा. "कॉम्प्युटर नाय लावलात?"

म्हटलं गरज नाय पडली काका.

"नुसता बोल्ट घासलात त्याचे तीनशे?"

दिले त्यांनी, पण तोंड वाकडं करून. तेव्हापासून गाडी आली की मी पहिल्यांदा लॅपटॉप बॉनेटवर उघडून ठेवतो, काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं पळतायत, आणि मग मीटर घेऊन खाली वाकतो.